बाकावरचे नाव, सातबाऱ्यावरचे नाव

पुण्यात, नाशकात किंवा इचलकरंजीत कुठल्याही सार्वजनिक उद्यानात सकाळी जाऊन बसा. ज्या बाकावर टेकाल त्याच्या पाठीवर कुणाचे तरी नाव रंगवलेले असते, आणि त्यापुढे ‘यांच्या विकासनिधीतून’. ओपन जिमच्या यंत्रावर दुसरे नाव, फाटकाच्या कमानीवर तिसरे. बंद पडलेल्या कारंज्याच्या कोनशिलेवर चौथे, आणि तो माणूस दोन निवडणुकांपूर्वीच पडलेला असतो. रोज फिरायला येणाऱ्यांना ही नावे पाठ असतात. पण ही बाग ज्या जमिनीवर आहे, तिच्या सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे, असे विचारून बघा. चौकीदाराला ते ठाऊक नसते, ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांनाही नसते, आणि उद्यान विभागाला फाइल शोधावी लागते.

बागा, टेकड्या, पायवाटा आणि मोकळ्या जमिनी यांच्यासाठी सरकार पैसे देत नाही, ही आपली नेहमीची तक्रार. ती अर्धीच खरी आहे. पैसे मिळतात, पण ते बाकावरच्या नावासाठी मिळतात, सातबाऱ्यावरच्या नावासाठी मिळत नाहीत. आणि बागेचे आयुष्य बाकावर ठरत नाही, उताऱ्यावर ठरते. सार्वजनिक अनुदानाची खरी किंमत रकमेत नसून त्या रकमेला जोडलेल्या अटीत असते. आपल्याकडे रक्कम आहे, अट नाही. सगळे दुखणे तिथे आहे.

आधी पैशाचा माग काढू. खासदारांची स्थानिक क्षेत्र विकास योजना 1993 मध्ये सुरू झाली आणि 2011 पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपये मिळू लागले. तिच्या नियमांचा भर टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी करण्यावर आहे. त्याच नियमांत निषिद्ध कामांची जी यादी आली, तिच्यात जमीन संपादन आणि संपादित जमिनीचा मोबदला ही कामे होती. म्हणजे मालमत्ता टिकाऊ हवी, पण जगातली सर्वांत टिकाऊ मालमत्ता मात्र चालणार नाही. केंद्राची अमृत योजना 2015 मध्ये 500 शहरांसाठी आली. तिच्यात उद्याने आणि हिरवळीसाठी कमाल अडीच टक्के वाटा ठेवला होता. जमीन खरेदीचा खर्च तिथेही नामंजूरच. मग 2020 च्या पर्यावरण दिनी नगर वन योजना जाहीर झाली. तिच्यासाठी पुण्यातल्या वारज्याचे स्मृतिवन नमुना म्हणून पुढे ठेवले गेले. पाच वर्षांत 600 नगर वने आणि 400 नगर वाटिका, सुमारे 895 कोटी रुपये, हेक्टरी 4 लाखांचे साहाय्य, असा तिचा आराखडा होता. हेक्टरी 4 लाख म्हणजे गुंठ्याला साधारण 4 हजार. त्या भावात गुंठा देणारा माणूस शहराच्या आसपास शोधून सापडायचा नाही. योजनेची तशी अपेक्षाही नाही. जमीन आधीच वनखात्याची किंवा पालिकेची असावी आणि या पैशातून कुंपण, खड्डे, रोपे, पायवाट व्हावी, एवढाच तिचा हिशेब आहे.

वारज्याचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथली टेकडी मुळात वनखात्याची होती. अतिक्रमण होत होते, पण मालकी कुणाची हा वाद नव्हता. जमिनीचे नाव पक्के होते, म्हणून रोपांवर घातलेला पैसा सत्कारणी लागला. पैशाने जंगल उभे केले हे खरे, पण मालकीने ते उभे राहू दिले. आपण या नमुन्यातली रोपे तेवढी पाहिली.

जमीन खरेदीला मनाई का, याचे उत्तर सोपे आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सरकारी पैशातून जमीन घ्यायची म्हटली, की भावाचा खेळ सुरू होतो. आराखड्यातली रेघ कुठून जाणार हे आधी कळणारा माणूस आधी जमीन घेतो, मग सरकारलाच चढ्या भावाने विकतो. महाराष्ट्रात हे कुणाला नव्याने सांगायला नको. नियम करणाऱ्यांनी चोरीच्या भीतीने घराला दारच ठेवले नाही. त्यामुळे चोर आला नाही, पण घरातल्या माणसालाही आत जाता येईना. सगळा पैसा ओसरीवर खर्च होतो. ओसरी रंगवायची, ओसरीवर बाक ठेवायचे आणि दर पाच वर्षांनी पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवायचे.

मग जमीन वाचवायची कशी? आपण काढलेला मार्ग आहे आरक्षणाचा. विकास आराखड्यात हिरवा रंग भरायचा आणि मालकाला सांगायचे, की आता तुला इथे बांधता येणार नाही, पैसे यथावकाश मिळतील. हे यथावकाश किती लांबेल, यालाही कायद्यात मर्यादा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्याच्या कलम 127 नुसार आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण गळून पडते. कायदा मालकाच्या बाजूने न्याय्यच आहे. कुणाची जमीन रंगाच्या एका फटकाऱ्याने आयुष्यभर अडकवून ठेवणे ही सज्जनपणाने केलेली वाटमारी असते. पण पालिकेजवळ पैसे नाहीत आणि कुणी अनुदान देत नाही, अशा स्थितीत या न्यायाचा अर्थ एवढाच उरतो, की बागेचे आरक्षण म्हणजे 10 वर्षांच्या मुदतीचे घड्याळ. बिल्डरला ते कळते. फिरायला येणाऱ्याला कळत नाही.

पुण्याच्या टेकड्यांची कथा ही या घड्याळाची सर्वांत लांब टिकटिक आहे. 1997 मध्ये शहराच्या हद्दीत आलेल्या 23 गावांमधल्या बाणेर, बावधन, वारजे, धायरी, कात्रज या बाजूच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकण्याची कल्पना पुढे आली. क्षेत्र थोडेथोडके नव्हे, सुमारे 978 हेक्टर. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, पाठपुरावा केला. टेकडी म्हणजे पुणेकराच्या दिनक्रमाचा भाग. सकाळी ‘टेकडीवर जाऊन आलो’ म्हटले की कुठली, हेही सांगावे लागत नाही. वर्षे गेली आणि 2015 मध्ये राज्य सरकारने आरक्षणाला मान्यता दिली. मोबदला ठरला 8 टक्के टीडीआर. टीडीआर म्हणजे रोख पैसा नव्हे. तुमची जमीन पालिकेला द्या, त्या बदल्यात तेवढ्या बांधकामाचा हक्क कागदावर मिळेल आणि तो दुसरीकडे बांधणाऱ्याला विकता येईल. इतर आरक्षणांत हा हक्क जमिनीच्या क्षेत्राच्या दुपटीच्या घरात जातो, इथे 8 टक्के. उताराची जमीन, बांधकामाला मुळातच मर्यादा, हा सरकारी युक्तिवाद चूक नव्हता. पण ज्याच्या पणजोबाच्या नावाने ती टेकडी आहे, तो या कागदासाठी सही करायला का येईल? बहुतेक जण आलेच नाहीत. टेकड्या आराखड्यात हिरव्या आणि उताऱ्यावर खाजगी, अशा त्रिशंकू अवस्थेत राहिल्या. पायथ्याची अनधिकृत घरे दरवर्षी चार पावले वर चढतात आणि सगळे पक्ष टेकड्या वाचवण्याच्या घोषणा देतात. घोषणेला पैसे पडत नाहीत.

आता जरा लांब जाऊ. न्यू जर्सीत मुलीकडे किंवा मुलाकडे सहा महिने राहून आलेले आजी-आजोबा आता पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली आहेत. तिथे काय आवडले म्हणाल तर ते बागांबद्दल बोलतात. घरापासून चालत जाण्याजोगे तळे, झाडीतून गेलेली पायवाट, रविवारी सहलीला मिळणारी शेड. ‘त्यांच्याकडे जागाच खूप,’ असे म्हणून ते विषय मिटवतात. न्यू जर्सीबाबत हे साफ चूक आहे. ते अमेरिकेतले सर्वांत दाट वस्तीचे राज्य आहे आणि न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन महानगरांच्या कात्रीत सापडलेले आहे. जमीन तिथेही महाग, बिल्डर तिथेही घाईत आणि नगरपालिका तिथेही पैशाला मोताद. तरीही पायवाट टिकली, कारण 1961 मध्ये तिथल्या मतदारांनी ग्रीन एकर्स नावाच्या कार्यक्रमासाठी 6 कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायला मतदानाने मान्यता दिली. पुढे अशा रोख्यांना ते पुन्हा पुन्हा होकार देत गेले. 1998 मध्ये राज्यघटना दुरुस्त करून विक्रीकरातला ठरावीक वाटा मोकळ्या जमिनींसाठी बांधून टाकला आणि 2014 मध्ये कंपन्यांवरच्या करातला.

या कार्यक्रमात गावाला आणि काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, पैसे मिळतात ते जमीन घेण्यासाठीही आणि बाग करण्यासाठीही. पण सगळे पैसे मिळत नाहीत. काही भाग अनुदान, काही भाग 2 टक्के व्याजाचे कर्ज, बाकी गावाने घालायचे. गावाने स्वतःच्या मालमत्ता करात मोकळ्या जमिनीसाठी छोटासा जादा कर मतदानाने लावून घेतला असेल आणि कोणत्या जमिनी घ्यायच्या याचा आराखडा केला असेल, तर अनुदानाचा वाटा वाढतो. राज्यातल्या सगळ्या म्हणजे 21 काउंट्यांनी असा कर लावून घेतला आहे. गाव स्वतः किती झीज सोसते हे पाहून राज्य हात पुढे करते.

माझ्या मते खरी कमाल पुढच्या कलमात आहे. गावाने या निधीतून एकदा पैसे घेतले, की त्या पैशातून घेतलेली जमीन तर कायमची बांधली जातेच, पण त्या दिवशी गावाजवळ बाग, मैदान किंवा राखीव रान म्हणून असलेली प्रत्येक जमीन यादीत नोंदली जाते आणि तीही बांधली जाते. एका तळ्यासाठी अनुदान घ्या, गावच्या सगळ्या बागा सुरक्षित. त्यातली एखादी जमीन उद्या रस्त्याला किंवा शाळेला हवी असेल, तर जनसुनावणी, पर्यावरण आयुक्तांची मंजुरी, वर राज्यपातळीवरच्या एका आयोगाची मंजुरी आणि बदल्यात भरपाईची जमीन. हे अशक्य नाही, पण महाग आहे. बाग मोडणे महाग व्हावे, हाच तर सगळा उद्देश.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा भूमी व जल संवर्धन निधी 1965 पासून याच तत्त्वावर चालतो. राज्ये आणि गावांना निम्मे पैसे मिळतात, निम्मे त्यांनी घालायचे आणि त्या पैशातून झालेल्या बागेचा वापर बदलायचा तर तितक्याच मोलाची आणि तितक्याच उपयोगाची दुसरी जागा द्यायची. या निधीचा पैसा करदात्याच्या खिशातून येत नाही, समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्खननावरच्या महसुलातून येतो. एक संपत्ती कायमची उपसली जाते आहे, तर तिच्यातला वाटा दुसऱ्या कायमच्या संपत्तीत घाला, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे जंगल दुसऱ्या कामाला दिले की त्याची किंमत वसूल करून भरपाईच्या वनीकरणासाठी निधी उभा राहतो. 2016 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 2019 मध्ये त्यातले 47,436 कोटी रुपये राज्यांकडे गेले. नगर वनांचा पैसा यातलाच. कल्पना चुलत बहिणी आहेत. फरक एवढाच, की तिकडे पैसा जमीन मिळवून बांधून टाकतो, इकडे रोप लावतो.

तिकडचे सगळे सोन्याचे आहे असे म्हणायचे कारण नाही. त्या केंद्रीय निधीची वार्षिक मर्यादा 1978 पासून 90 कोटी डॉलर होती, पण बहुतेक वर्षे अमेरिकी काँग्रेसने त्यातला मोठा भाग दुसरीकडे वळवला. 2015 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये निधीची मुदतच संपू दिली. पूर्ण रक्कम दरवर्षी हक्काने मिळण्यासाठी 2020 साल उजाडावे लागले. न्यू जर्सीवरचा आक्षेप तर अधिक टोचणारा आहे. श्रीमंत उपनगरे मोकळ्या जमिनी विकत घेतात त्या पाखरांसाठी की गरिबांची घरे होऊ नयेत म्हणून, असा तो आक्षेप. परवडणाऱ्या घरांना वाट देण्याची जबाबदारी वाढत्या गावांवर आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला 1975 मध्ये माउंट लॉरेल खटल्यात द्यावा लागला, तो उगाच नव्हे.

हाच प्रश्न आपल्याकडे दुप्पट टोकदार होतो. मुंबईत लाखो माणसे दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, तिथे बागेसाठी जमीन विकत घ्या म्हणणे चैनीचे वाटते. पण हिशेब उलटा मांडून पाहा. ज्याच्या सोसायटीत क्लब हाउस आहे, शनिवार-रविवारी लोणावळ्याला जायला गाडी आहे, त्याचे सार्वजनिक बागेवाचून काही अडत नाही. अडते ते दहा बाय दहावाल्याचे. त्याच्या मुलाला खेळायला, आईला संध्याकाळी टेकायला, अभ्यासाला बसायला शांत कोपरा म्हणून जागा असते ती सार्वजनिकच. आणि वाचवलेली प्रत्येक मोकळी जागा गरिबाच्या घरासाठी गेली असती, हेही खरे नाही. ती कुणाच्या घरासाठी गेली असती, ते पायथ्याच्या जाहिरातींचे फलक सांगतात. तरीही माउंट लॉरेलचा धडा लक्षात ठेवावा. घरांचा आराखडा आणि बागांचा आराखडा एकाच टेबलावर मांडला पाहिजे. श्रीमंत प्रभागाने आपल्यापुढची टेकडी वाचवायची आणि झोपडपट्टी दुसऱ्याच्या प्रभागात ढकलायची, असल्या संवर्धनाला सार्वजनिक पैसा मिळता कामा नये.

अटीची कल्पना परदेशी वाटत असेल, तर जरा सह्याद्रीत जा. देवराई म्हणजे दुसरे काय? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी या राया उभ्या होत्या. तिथे अनुदान नव्हते, कुंपण नव्हते, वनरक्षकही नव्हता. होती ती एक अट. ही जमीन देवाची, इथली वाळकी काटकीही उचलायची नाही. काळकाईचा किंवा म्हसोबाचा धाक म्हणजे वापर बदलण्यावरचा बोजा, आणि तो गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ. पुढे बऱ्याच ठिकाणी रस्ता आला, पैसा आला, जीर्णोद्धार आला. जुन्या कौलारू घुमटीच्या जागी सिमेंटचा सभामंडप झाला आणि मंडपाला जागा हवी म्हणून झाडे गेली. पैसा नव्हता तेव्हा अटीने राई राखली. पैसा आला तो अट बाजूला सारून आला आणि राईला भोवला. बागेतल्या बाकाची आणि देवराईतल्या सभामंडपाची जात एकच.

आपल्याकडे अट आज येते ती न्यायालयातून, आणि घाव बसल्यावर. बंगळुरातली बागेची जागा खाजगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा आसपासचे रहिवासी झगडले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाचवली. लखनौच्या झंडेवाला पार्कच्या पोटात भूमिगत बाजार बांधला गेला, तो पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश 1999 मध्ये निघाला. दोन्ही निकाल डोक्यावर घेण्यासारखे आहेत. पण प्रत्येक मैदानासाठी दिल्लीपर्यंत कोण जाणार? ज्या प्रभागात वकील राहतात तिथली बाग वाचते, बाकीच्यांची जाते.

म्हणून अट पैशालाच बांधलेली हवी, आणि तशी ती बांधायला आपल्याकडे नवे शास्त्र शोधावे लागत नाही. गावातल्या सोसायटीतून पीककर्ज घेतलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. कर्ज मिळते त्याआधी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढवावा लागतो. मग ती जमीन कुणी विकायला काढली, तरी घेणाऱ्याला उताऱ्यावर बोजा दिसतो. पन्नास हजारांच्या कर्जासाठी जी काळजी सोसायटी घेते, ती कोट्यवधींच्या अनुदानासाठी शासनाने का घेऊ नये? बाग, मैदान, टेकडी किंवा पायवाट यांवर सरकारी रुपया खर्च झाला, की त्या जमिनीच्या इतर हक्कात, शहरात असेल तर मालमत्ता पत्रकावर, कायमची नोंद व्हावी: सार्वजनिक मोकळी जागा, वापर बदलल्यास तितक्याच उपयोगाची दुसरी जागा देणे बंधनकारक. न्यू जर्सीसारखी पुढची पायरीही घ्यावी. पालिकेला पहिला हप्ता हवा असेल, तर आधी आपल्या सगळ्या बागांची उताऱ्यांसह यादी लावावी आणि साऱ्यांवर हा बोजा चढवावा. बाकासाठीसुद्धा पैसे हवे असतील, तर आधी उतारा दाखवावा.

आणि जमिनीसाठी पैसा? शहरात जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, देताना शासन आणि पालिका बांधणाऱ्याकडून प्रीमियम घेतात. मोकळे आकाश विकून मिळालेला हा पैसा. त्यातला ठरावीक वाटा मोकळ्या जमिनीलाच बांधून टाकावा, म्हणजे समुद्रातल्या तेलाचा न्याय इथेही लागेल. राज्याने निम्मे द्यावे, पालिकेने निम्मे. किंमत भूसंपादन कायद्याच्या हिशेबाने ठरावी, खरेदी जाहीर सुनावणीनंतर व्हावी आणि आरक्षण जाहीर होण्यापूर्वीच्या काही वर्षांतले त्या जमिनीचे सगळे व्यवहार भिंतीवर लावावेत. चोर येईल म्हणून दार बुजवण्यापेक्षा दाराला कडी लावावी. शेतकऱ्याला रोख मोबदला मिळाला, की तो टेकडीचा शत्रू राहत नाही. आज आपण त्याला 8 टक्क्यांचा कागद दाखवतो, आणि तो सही करत नाही म्हणून त्यालाच निसर्गद्रोही ठरवतो.

सगळ्या टेकड्या एका वर्षात विकत घेता येणार नाहीत. पण न्यू जर्सीनेही ते साठ वर्षांत, तुकड्या-तुकड्याने केले आहे. दरवर्षी दहा हेक्टर जरी उताऱ्यावर सार्वजनिक झाले आणि पुन्हा कधी खाजगी होऊ शकले नाहीत, तर आकडा एकाच दिशेने चालतो. आपल्याकडे आज तो उलट्या दिशेने चालतो आहे आणि त्याच वेळी बाकांची संख्या वाढते आहे.

बाक वाईट नाहीत. म्हातारपणी गुडघे कुरकुरायला लागले की बाकाची किंमत कळते, त्यावर कुणाचे का नाव असेना. फक्त पुढच्या वेळी प्रभागातल्या बागेचे उद्घाटन असेल, मांडव पडला असेल, फीत कापायला पाहुणे आले असतील, तेव्हा गर्दीतून एखाद्या आजोबांनी शांतपणे पुढे व्हावे, हार स्वीकारणाऱ्या साहेबांना नमस्कार करावा आणि म्हणावे, ‘बाग छान झाली साहेब. आता जरा उतारा बघू.’